कामाची शिकवण आणि माणसांशी वागणूक



आपली मुले आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन कारखान्यात जातात. त्यांना लेथ चालवता येते. परंतु फोरमन रागावला तर काय करावे, हे कोणी शिकवलेले नसते. मग क्षुल्लक भांडणापायी हातची नोकरी जाते.

स्वभावाला औषध नाही, असे आपण म्हणतो. अमेरिकेत मात्र १९४० साली, महायुद्धाच्या काळात, कारखान्यांसाठी एक सरकारी प्रशिक्षण योजना निघाली. तीत काम कसे शिकवावे याबरोबर माणसे कशी सांभाळावीत, याचेही धडे होते. तंटा उद्भवला, तर आधी सगळी हकीकत समजून घ्या, विचार करून निर्णय ठरवा, तो अमलात आणा, परिणाम तपासा. चांगल्या कामाचे श्रेय द्या, बदल होणार असेल तर आधी सांगा. युद्धानंतर जपाननेही ही पद्धत उचलली.

ध्यानात घ्या, हे धडे मुख्यतः वरिष्ठांसाठी होते. म्हणून मुलांना 'जुळवून घे' एवढे सांगून आपण मोकळे होऊ नये. शिक्षक, गॅरेजमधले उस्ताद, दुकानाचे मालक यांनी ते आधी गिरवावेत. शिकणारा चुकला, तर शिकवणाऱ्याने प्रथम आपले शिकवणे तपासावे, एवढीच विनंती.