निरोप कोणाच्या तोंडी द्यावा?



आजचा विषय ऐकून काहींनी मान खाली घातली असेल. त्यात नवल नाही. परंतु ज्या रोगाचे नाव घरात घेता येत नाही, त्यापासून घराचे रक्षण करणे अवघड, एवढे आरंभीच सांगते.

एच. आय. व्ही.ची बाधा भारतात प्रथम आढळली ती १९८६ मध्ये, मद्रासला. पुढे भिंतींवर इशारे रंगले. पण चौकात उभे राहून ते वाचायला स्त्रीला ना सवड, ना मोकळीक! मग निरोप पोहोचावा कसा?

उत्तर सांगलीत सापडते. १९९२ मध्ये मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने तेथील गोकुळनगरात काम आरंभिले, आणि ज्यांच्याकडे जग बोट दाखवीत होते, त्या वेश्याव्यवसायातील स्त्रियांनाच शिक्षिका केले. निरोध त्याच वाटीत, त्याच समजावीत. १९९६ मध्ये त्यांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. यातले मर्म पाहा. एकटीने 'निरोधाशिवाय नाही' म्हटले, तर गिऱ्हाईक शेजारच्या दारी जाते. साऱ्या गल्लीने म्हटले, तर त्याला दुसरे दारच उरत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. गृहिणीला अशी गल्ली नाही. नवऱ्याकडून बाधा आली तरी बोल तिलाच! तो वारला, तर 'पांढऱ्या पायाची' म्हणून तिला घराबाहेर काढायलाही लोक कचरत नाहीत. म्हणून नुसती माहिती पुरत नाही. तिच्या पाठीशी चारजणी हव्यात. गावची आशाताई आहे, बचत गट आहे. त्यांच्या बैठकीत हा विषय निघू द्या.

हा रोग कोण्या एका जातीचा नाही. पण निरोपाला भाषा मात्र असते. आपल्या तालुक्यात तांडे पुष्कळ. चुलीपाशी गोरमाटी बोलणाऱ्या माउलीला पुस्तकी मराठी काय उमगणार? पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत तांड्यातांड्यांतल्या बाया येतात. तेथे तांड्यातलीच एखादी जाणती बाई तिच्या बोलीत बोलली, तर आमच्या दहा व्याख्यानांचे काम होईल.

आणि तिने सांगावे काय? गरोदरपणी तपासणी करून घ्यावी. औषधाविना बाळाला बाधा होण्याचा संभव शंभरात १५ ते ४५ असतो. वेळेवर उपचाराने तो पाचांखाली येतो. २००४ पासून सरकारी रुग्णालयांत ही औषधे मोफत मिळू लागली. १०९७ या क्रमांकावर विनामूल्य विचारता येते. २०१७ च्या कायद्याने बाधितेला राहत्या घरातून काढता येत नाही, आणि तिच्या संमतीवाचून तिचे गुपित कोणी फोडू नये, असेही बंधन आहे.

शेवटी बंधूंना एक विनंती. पत्नी तपासणीला जाईल, तेव्हा तिला एकटी धाडू नका. तिच्याबरोबर जा, आणि आपलीही तपासणी करून घ्या. तुम्ही रांगेत उभे राहिलात, की तिला वेगळे बोलून दाखवावे लागणार नाही.