घमेले आणि लिंबू

आज आपण प्लॅस्टर ऑफ पॅरिसविषयी बोलू. तुम्ही त्याला पीओपी म्हणता. छताची नक्षी त्याची. मोडलेल्या हाडावर डॉक्टर घालतात ते प्लॅस्टरही त्याचेच.

त्याचे मूळ एक मऊ दगड आहे. त्याचे नाव जिप्सम. चोपण जमीन सुधारायला शेतात टाकतात, तोच हा. राजस्थानात नागौर आणि बिकानेर या भागांत त्याच्या खाणी आहेत. हा दगड दळून सुमारे १५० अंशांपर्यंत तापवतात. मग त्याच्या अंगातले पाऊण हिस्सा पाणी निघून जाते. उरते ती पांढरी भुकटी.

भुकटीत पाणी घातले, की ती गेलेले पाणी परत घेते. मग तिच्यात स्फटिक वाढू लागतात. खडीसाखरेचा खडा म्हणजे साखरेचा स्फटिकच. प्लॅस्टरचे स्फटिक मात्र सुईसारखे असतात, आणि फार बारीक. ते एकमेकांत अडकतात. बाभळीच्या काट्यांचे कुंपण जसे गुंतते, तसे ते गुंततात. म्हणून प्लॅस्टर घट्ट होते.

आमच्या गावात आमचा एक जुना विद्यार्थी हे काम करतो. एके दिवशी तो आमच्याकडे आला. तोंड उतरलेले होते.

"गुरुजी, माल कालवतोय तोच घट्ट होतोय. साच्यात ओतायलाबी वेळ मिळंना. कुणीतरी म्हणालं, लिंबू पिळ. पिळलं. मग वेळ मिळाला, पण छताची फुलं नेता नेता मोडली. मालकानं पैसे दिले नाहीत. आठ दिवसांची मजुरी बुडाली बघा."

"लिंबं किती पिळलीस?"

"अंदाजानं. घमेल्याला दोन."

"बरं, ते घमेलं दाखव."

घमेल्याला जुन्या प्लॅस्टरचा थर बसला होता. आम्ही म्हणालो, "बाळ, चोर इथं आहे!"

दुधाला विरजण लागले की दही होते. जुने प्लॅस्टर तसेच काम करते. त्याच्या कणांवर नवे स्फटिक लगेच वाढू लागतात. म्हणून माल लवकर घट्ट होतो.

लिंबाचे काम उलटे. लिंबातले आम्ल स्फटिकाच्या टोकांना चिकटते. मग स्फटिक सावकाश वाढतो. वेळ मिळतो खरा. पण सुई लांब होत नाही, आखूड आणि जाड होते. आखूड काट्यांचे कुंपण गुंतेल काय? माल कच्चा राहतो.

त्याची खात्री पटावी म्हणून आम्ही तीन स्वच्छ वाट्या घेतल्या. तिन्हींत भुकटी आणि पाणी सारखेच मोजून घातले. पहिलीत दुसरे काही नाही. दुसरीत जुन्या प्लॅस्टरची चिमूटभर पूड. तिसरीत अर्धा चमचा लिंबाचा रस. दुसरी वाटी सर्वांत आधी घट्ट झाली. मग पहिली. तिसरी सर्वांत शेवटी. पुरते वाळल्यावर वड्या हाताने मोडून पाहिल्या. तिसरी चटकन मोडली.

आता चार गोष्टी ध्यानात धरा.

घमेले आणि थापी दर वेळी धुवा. पाणी स्वच्छ घ्या.

मीठ टाकू नका. थोड्या मिठाने माल लवकर घट्ट होतो, पण पुढे ओल धरतो आणि आतले खिळे गंजतात.

वेळ वाढवायचे औषध दुकानात मिळते. ते मोजूनच घाला, आणि आधी लहान तुकड्यावर करून पाहा.

घट्ट होताना प्लॅस्टर तापते. त्यात हात बुडवून ठेवू नका. भाजते.

त्या मुलाने घमेले खरवडून धुतले. लिंबू सोडले. पुढच्या कामाची फुले शाबूत पोचली आणि मजुरी पदरात पडली.

मंडळी, भुकटीच्या पोत्यावर पाणी किती घालावे ते छापलेले असते. पूर्वी आपण दुसऱ्याला विचारत होतो. आता तुम्हाला वाचता येते. आधी पोते वाचा, मग पाणी ओता.