शेवटची तीन मिनिटं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



ग्रुपवर रात्री-अपरात्री गाड्यांचे फोटो टाकून मी तुमची झोपमोड करतो, म्हणून आज त्यावरच बोलायची शिक्षा मिळालीय.

जागतिक एन्ड्युरन्स चॅम्पियनशिप २०१२ साली सुरू झाली. तिच्यातली सर्वांत मोठी शर्यत म्हणजे फ्रान्समधली ल माँ. ती मात्र १९२३ पासूनची. सलग चोवीस तास, एक गाडी आणि पाळीपाळीने तीन चालक. ट्रॅक साडेतेरा किलोमीटरचा, त्यातला बराचसा एरवी साधा रहदारीचा रस्ता. आपला करुण चंडोक २०१२ मध्ये तिथे धावला, त्याची गाडी सहावी आली.

मला सांगायचंय ते २०१६ चं. टोयोटा तोवर ल माँ कधीच जिंकली नव्हती. त्या रविवारी जिंकणार होती. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजत आलेले. काझुकी नाकाजिमा चालवत होता, आणि शेवटची साधारण तीन मिनिटं उरली असताना गाडी पिटसमोरच थांबली. मागून पोर्शे आली नि निघून गेली. टोयोटा कशीबशी रांगत आली, पण शेवटची फेरी वेळेत न झाल्यामुळे निकालात तिचं नावसुद्धा लागलं नाही! पुढे कारण कळलं: टर्बोचार्जर आणि इंटरकूलरमधल्या हवेच्या नळीचा एक कनेक्टर.

तुम्हाला ठाऊक आहे, भोसरीत माझा होज पाइपचाच छोटा कारखाना आहे. ते कारण वाचलं आणि जेवण गेलं नाही. आठवड्यापूर्वी घाईत एक लॉट मी प्रेशर टेस्ट न करताच पाठवला होता. सहाशे नग. कोणाची तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी मीच फोन करून तो परत मागवला. बोलणी खाल्ली, पुढची ऑर्डर गेली, कामगारांच्या पगारासाठी बायकोची एफडी मोडली. ती अजून ऐकवते. तपासले तर अकरा गळके निघाले.

कार्यशाळेत आपले सर गुण्या लावायचे, फट दिसली की तुकडा पुन्हा कानशीखाली. तेव्हा फार राग यायचा.

नाकाजिमा २०१८ मध्ये जिंकला. शेवटची फेरी त्यानेच पूर्ण केली. मी घरात एकटाच ओरडत होतो.

सर, त्या अकरातला एक पाइप मी पिशवीतून आणलाय. जेवण झालं की देतो. कुठे गळतोय, ते तुम्हीच शोधा.