लांकडी छपराखालचे चाळीस मैल

सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा असें म्हटलें कीं मोकळा रस्ता, पाठीशीं वारा आणि दोन्ही बाजूंनीं मागें पळणारीं झाडें असें कांहींसें चित्र डोळ्यांसमोर उभें राहतें. ही प्रदक्षिणा ज्यानें प्रथम पुरी केली, त्या टॉमस स्टीव्हन्सच्या वाट्याला अगदीं आरंभींच जी मजल आली ती या चित्राशीं मुळींच जुळत नाहीं. तिच्यांत तो सायकलीवर नव्हताच. सायकल हातानें ढकलीत तो पायीं चालला होता.

स्टीव्हन्सचा जन्म १८५४ सालचा, इंग्लंडांतला. तरुणपणीं तो अमेरिकेंत गेला. सायकल चालविण्यास तो शिकला तो १८८४ सालीं, सॅन फ्रॅन्सिस्को येथें. आणि त्याच वर्षीं २२ एप्रिल रोजीं सकाळीं आठ वाजतां तो पूर्वेच्या रोखानें एकटाच निघाला! बरोबर सामान काय, तर मोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल, आणि तंबू व अंथरूण या दोहोंचेंहि काम देणारा पावसाळी डगला.

त्याची सायकल आजच्यासारखी नव्हती. पुढचें चाक ५० इंच व्यासाचें, मागचें अगदीं लहान, आणि बैठक त्या मोठ्या चाकाच्या माथ्यावर. साखळी नाहीं, पायडलें थेट पुढच्या चाकाच्या आंसाला जोडलेलीं. पायांचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, आणि तेवढ्यांत सुमारें १३ फूट वाट मागें पडे. सपाटीवर हें सोयीचें खरें. पण चढावर तोच फेरा ओढतां ओढत नसे, आणि उतारावर चाक दगडाला अडलें कीं स्वार डोक्यावर कोसळे. टायर भरीव रबराचा. हवेचा टायर डनलॉपनें काढला तो पुढें १८८८ सालीं.

असें हें वाहन घेऊन तो सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशीं आला. सॅक्रामेंटोच्या सपाटीपासून लोहमार्ग येथें सुमारें शंभर मैलांत सात हजार फूट चढतो. माथ्यावरचा गाडीरस्ता अद्याप बर्फाखालीं गडप होता. मोकळी अशी वाट एकच, ती लोहमार्गाची. आणि तीहि उघडी नव्हती. बर्फानें गाड्या अडूं नयेत म्हणून रुळांवर मिळून सुमारें चाळीस मैल लांबीचीं लांकडी छपरें उभारलेलीं होतीं. जाड तुळया, फळ्यांच्या भिंती, मधून मधून खडकांत खोदलेले बोगदे. एंजिनाच्या ठिणगीनें हीं छपरें पेट घेत, म्हणून पाण्याची गाडी सदा सज्ज ठेवावी लागे.

या बोळांत स्टीव्हन्स शिरला. पायांखालीं खडी आणि लांकडी स्लीपर. त्यांतील अंतर माणसाच्या पावलाला धड जुळत नाहीं आणि सायकलीच्या चाकाला तर नाहींच. बाहेर हिमाच्छादित शिखरांचा अप्रतिम देखावा. पण तो फळ्यांच्या फटींतून दिसेल तेवढाच. इतक्यांत रूळ गडगडूं लागत. मार्ग एकेरी, दोहोंकडे भिंत. तेव्हां सायकल भिंतीशीं उभी करावयाची, आपणहि होतां होईल तों अंग चोरून तिच्याशेजारीं उभें राहावयाचें आणि गाडी जाऊं द्यावयाची. गाडी जाई, पण धूर जात नसे. वाफेच्या एंजिनाच्या काळीं बोगदा आला कीं उतारूंची खिडक्या लावण्याची एकच घाई उडे, हें जुन्या मंडळींस आठवत असेल. स्टीव्हन्सजवळ लावावयास खिडकी नव्हती. धूर कोंडून अंधार इतका दाट होई कीं तो हाताला लागावा. त्यांतून चांचपडत पुढें जावयाचें, तों दुसऱ्या गाडीचा गडगडाट!

खरी कसोटी मात्र धुराची नव्हती. ज्या गाडीसाठीं तो भिंतीला चिकटून उभा राही, तीच त्याला कांहीं तासांत पर्वतापलीकडे उतरवूं शकली असती. तो एकटा होता. साक्षीला कोणी नव्हतें. बरें, सायकलीवर बसतां येत नव्हतें तें नव्हतेंच. मग डब्यांत बसलें काय आणि सायकल ढकलली काय, असा युक्तिवाद मनाला सुचणें फार सोपें होतें. स्टीव्हन्स चालत राहिला. आपण किती चाललों हेंहि त्यानें पुढें आपल्या ग्रंथांत लपविलें नाहीं. केवळ चाकें फिरविण्याची हौस असती तर तो या छपराखालूनच परत फिरता.

पलीकडे ट्रकी गांव, मग नेवाडाचें वाळवंट. ४ ऑगस्ट १८८४ रोजीं, सुमारें ३,७०० मैल तुडवून, तो बोस्टनला पोंचला. पुढें युरोप, तुर्कस्तान, इराण करीत १८८६ सालीं तो आपल्या देशांतहि आला आणि लाहोरहून कलकत्त्यास गेला. तेथील कंकर घातलेल्या सपाट राजमार्गाची त्यानें मनापासून तारीफ केली आहे. डिसेंबर १८८६ मध्यें योकोहामा येथें सायकलीचा प्रवास संपला.

सिएरा नेवाडाच्या माथ्याखालचा १,६५९ फुटांचा बोगदा चिनी मजुरांनीं कठीण खडक फोडून काढला होता. त्यांतील रूळ १९९३ सालीं काढून टाकण्यांत आले. आतां तेथून आगगाडी जात नाहीं; हौशी माणसें हातांत दिवा घेऊन पायीं जातात.