रोमन रांजणांची ओळख

नांगराला लागलेले खापर आपण बांधावर भिरकावून देतो. पुराणवस्तुसंशोधक मात्र ते धुऊन भिंगाखाली धरतो. त्या तुकड्यात एका देशाचा व्यापार दडलेला असतो म्हणा ना!

रोमन लोक मद्य, ऑलिव्हचे तेल आणि खारवलेल्या माशांचा रस दोन कानांच्या मातीच्या रांजणांतून गलबतांवर चढवीत. या रांजणांना अँफोरा म्हणतात. बूड बहुधा निमुळते. खालच्या थरातील रांजणांच्या फटींत वरच्यांची टोके बसत, आणि रांजण ओतताना तेच टोक धरता येई.

हाइन्रिख ड्रेसेल या जर्मन पंडिताने अशा रांजणांवरील लेख वाचता वाचता त्यांच्या आकारांचा तक्ता रचला; तो १८९९ साली प्रसिद्ध झाला. त्याचे क्रमांक आजही रूढ आहेत. 'ड्रेसेल २०' म्हणजे गरगरीत पोटाचा, दक्षिण स्पेनमधला तेलाचा रांजण. तो रिकामाच सुमारे ३० किलो भरे, आणि त्यात सुमारे ७० किलो तेल मावे. रोममधील माँते टेस्टाचो ही सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी मुख्यतः अशाच रांजणांच्या खापरांची आहे.

पण अखंड रांजण हाती येतो कुठे? तुकड्यावरूनच ओळखायचे, तर तीन गोष्टी पाहाव्या. पहिली घडण : काठ, कान, बूड. दोन वळ्या जोडल्यासारखा कान 'ड्रेसेल २-४' या मद्याच्या रांजणाची खूण. दुसरी माती : व्हेसुव्हियसच्या परिसरातील मातीत ज्वालामुखीची काळी रेती चमकते. तिसरे आतले लेपण : मद्याच्या रांजणाला आतून पाइन वृक्षाच्या राळेचा काळा लेप देत.

आणि इथेच फसगत होते! मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराककडील, बिनकानी 'टॉर्पेडो' रांजणांनाही आतून काळाच लेप असे. पण तो खनिज डांबराचा. भारतात रोमन म्हणून नोंदलेली कित्येक खापरे रोबर्टा टोम्बर या विदुषीने पुन्हा तपासली. त्यांतली बरीच या टॉर्पेडो रांजणांची निघाली, असे तिने २००७ साली दाखवून दिले. म्हणजे व्यापारी बदलले, बंदरे बदलली, पुष्कळदा शतकेही बदलली!

तेव्हा जुन्या पांढरीत असे खापर दिसले, तर ते उचलू नका. जागा नीट ध्यानात ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवा. ते कोणत्या थरात होते हे हरवले, तर त्याची निम्मी साक्ष गेलीच म्हणून समजा.