झाकण किती उचलायचं?

तंत्रनिकेतनात 35 वर्षं मी इंजिन हा विषय शिकवला. फळ्यावर इंजिनाच्या आकृत्या इतक्या काढल्या, की झोपेतही काढीन. पण स्वतःच्या हातानं परक्या गाडीचं बॉनेट उघडून, आत काही नवं बसवायची वेळ आली ती निवृत्तीनंतर, आणि तीही सातासमुद्रापार.

2024 च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो. मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळ ट्रॉय म्हणून गाव आहे, तिथं तो राहतो. परदेशी मुलाकडे गेलेल्या आईवडिलांचं काय होतं ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पहिले पंधरा दिवस कौतुकाचे, नंतर दुपार खायला उठते. अशाच एका शनिवारी दुपारी चिरंजिवांनी गॅरेजमधल्या गाडीवरचं कापड काढलं. निस्सानची 350 झेड, 2004 सालची, जुनी घेतलेली. दोनच माणसांची बुटकी गाडी. तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ आणि त्यावर मीठ, म्हणून ही बाई चार-पाच महिने घरातच असते.

"बाबा, हिला प्लेनम स्पेसर बसवायचाय. कोणता घेऊ?"

हा प्रश्न साधा नव्हता. बारावीत असताना त्यानं माझ्या स्कूटरच्या कार्ब्युरेटरमध्ये मोठा जेट बसवून आणला होता, पिकअप वाढावा म्हणून. स्कूटर काळा धूर ओकायला लागली, आणि मी त्याला चारचौघांत नको तेवढं बोललो. तो कॉम्प्युटरला गेला. त्यानंतर यंत्रातलं एकही अक्षर त्यानं मला विचारलं नव्हतं. आणि आता विचारलं, तर माझ्या तोंडून पहिलं वाक्य गेलं ते असं, "ही सगळी जाहिरातबाजी असते रे."

तो काही बोलला नाही. कापड परत गाडीवर ओढायला लागला. मी म्हटलं, "थांब. बॉनेट तर उघड."

आता प्लेनम म्हणजे काय ते आधी सांगतो. इंजिनात हवा थेट सिलिंडरमध्ये जात नाही. आधी ती एका पेटीत जमते आणि तिथून एकेका नळीनं एकेका सिलिंडरकडे जाते. गच्चीवरची टाकी आणि तिच्यातून खाली उतरणारे नळ, तशीच ही हवेची टाकी. मात्र तिची उलाढाल बघा. या गाडीचं इंजिन साडेतीन लिटरचं, सहा सिलिंडरचं. दोन फेऱ्यांत एकदा ते साडेतीन लिटर हवा ओढतं. मिनिटाला 6000 फेऱ्या धरल्या, तर सेकंदाला साधारण 175 लिटर हवा झाली. आपली हजार लिटरची टाकी सहा सेकंदांच्या आत कोरडी!

या इंजिनात ही पेटी ॲल्युमिनियमची आणि दोन भागांत आहे. खाली नळ्यांची तोंडं, वर झाकण. गाडीचं नाक बुटकं, शिवाय दोन्ही बाजूंच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या खांबांना जोडणारी एक आडवी दांडी इंजिनावरून गेलेली. या सगळ्यांना जागा द्यायची म्हणून झाकण पुढच्या बाजूला उतरतं केलेलं आहे. त्यामुळे पुढच्या दोन सिलिंडरच्या, म्हणजे एक आणि दोन नंबरच्या नळ्यांच्या डोक्यावर मोकळी जागा कमी पडते. गाडी 287 अश्वशक्तीची, तेव्हा कोणी फार उपाशी आहे असं नाही. पण पंगतीत सहा पानं मांडली आणि दोन पानांवर भात थोडा कमी पडला, अशी ही गत.

आणि गंमत पुढे आहे. गाडीचा कॉम्प्युटर सगळ्या हवेचं एकत्र माप घेतो आणि पेट्रोल मात्र सहाही पानांवर सारखं वाढतो. भात कमी आणि तूप तेवढंच! म्हणजे पुढचे दोन सिलिंडर जरा जास्त पेट्रोल खातात आणि मागच्यांना ते जरा कमी पडतं. धुराड्यातला सेन्सर एका बाजूच्या तिन्ही सिलिंडरची सरासरी बघतो, त्याला हा पंक्तिप्रपंच कळत नाही.

मघाशी मी जाहिरातबाजी म्हणालो होतो, ते इथं मला गिळावं लागलं. झाकण आणि खालचा भाग यांच्यात एक जाड चौकट घालून झाकण वर उचलायचं, हाच तो स्पेसर. या इंजिनात त्याला काम आहे. मात्र याचा धाकटा भाऊ म्हणून एक वस्तू विकतात, थ्रॉटलच्या तोंडाशी बसवायची आटेवाली कडी. ती हवेला भोवरा देते आणि पेट्रोल छान मिसळतं, असं म्हणतात. अहो, या गाडीत पेट्रोल फवारलं जातं ते थेट सिलिंडरच्या दाराशी. तिथं पोचेपर्यंत तो भोवरा मोडून गेलेला असतो. ती कडी आम्ही पहिल्याच दिवशी यादीतून काढली.

यादीत उरले तीन. एक सुमारे 8 मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा, दुसरा अर्ध्या इंचाचा, म्हणजे 12.7 मिलिमीटरचा, आणि तिसरा उष्णता अडवणाऱ्या प्लॅस्टिकचा. चिरंजिवांचा कल अर्ध्या इंचाकडे. जाड म्हणजे चांगला, हा आपल्या सगळ्यांचाच हिशेब असतो.

मी कागद मागवला. पिंपाच्या तोंडावर ताट धरलंय अशी कल्पना करा. ताट टेकलेलं असेल तर आत काहीच जाणार नाही. जरा उचललं, तर भोवतालच्या फटीतून जाईल. किती उचललं की ती फट तोंडाएवढी मोकळी होते? गणित सोपं आहे, तोंडाच्या व्यासाच्या पाव पट. तोंड 50 मिलिमीटरचं असेल तर ताट साडेबारा मिलिमीटर उचललं, की फटीचं क्षेत्रफळ तोंडाएवढं झालं. त्याच्या आत असेल तर घुसमट. त्याच्या पुढे थोडा फायदा होतो, कारण हवेला वळायला जागा लागते, पण तो झपाट्यानं कमी होत जातो. तेव्हा प्रश्न स्पेसर किती जाड हा नाही. मुळात जागा किती आहे आणि किती कमी पडतेय, हा आहे. आम्ही झाकण काढून पुढच्या नळ्यांवरची जागा मोजली. 8 मिलिमीटर घातले की कमी पडत होती ती जागा भरून निघत होती.

राहिला वरच्या जागेचा प्रश्न. त्यासाठी मी सूनबाईंकडे कणकेचे चार गोळे मागितले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला भूक लागली. गोळे प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून झाकणावर ठेवले, वरची दांडी बसवली, बॉनेट हलकेच लावलं आणि पुन्हा सगळं काढलं. चेपलेल्या कणकेची जाडी मोजली की मधली जागा कळते. सर्वांत पातळ ठिकाणी ती 11 मिलिमीटर भरली. शिवाय इंजिन रबरी पायांवर बसलेलं असतं, जोरात गाडी काढली की ते डुलतं, त्याला दोन-तीन मिलिमीटर सोडायलाच हवेत. अर्धा इंच बाद. दांडीखाली तुकडे घालून तो बसवताही येतो म्हणे, पण एका स्पेसरसाठी आणखी स्पेसर, हे काही मला रुचलं नाही.

प्लॅस्टिकवाल्याचा दावा असा, की इंजिनाची धग वरच्या पेटीत पोचत नाही आणि हवा थंड राहते. पेटी पाच लिटरची धरली, तर पूर्ण वेगात हवा तिच्यात सेकंदाचा पस्तिसावा भाग राहते. तेवढ्या वेळात ती तापणार ती किती? सिग्नलला खोळंबलेल्या गाडीत फरक पडेल, पण तिथं कुणाला जोर हवाय! तोही बाद.

कायद्याचंही सांगायला हवं. कॅलिफोर्नियात असले भाग तिथल्या हवा मंडळाच्या मंजुरी क्रमांकाशिवाय बसवले तर गाडी धुराच्या तपासणीत नापास होऊ शकते. मिशिगनमध्ये तशी ठरावीक काळानं होणारी तपासणी नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत हे जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट केलं आहे. शिवाय आपल्या बहुतेक नव्या गाड्यांत ही पेटी प्लॅस्टिकची आणि अखंड असते, मध्ये काही घालायला फटच नाही. तेव्हा उद्या सकाळी कुणी पाना घेऊन गाडीकडे जाऊ नये.

तर 8 मिलिमीटरवाला आला. सोबत लांब बोल्ट आणि जादा पॅकिंग. चिरंजिवांनी नळ्यांच्या तोंडांत स्वच्छ फडकी कोंबली, एखादा वॉशर आत पडला तर इंजिनच उतरवायची पाळी यायची. मी बोल्ट आवळायला घेतले. मुलांना जन्मभर शिकवत आलो, मधून सुरू करा, मग समोरासमोरचे, दोन-तीन हप्त्यांत, टॉर्क रेंचनं. आणि मी स्वतः काय केलं? बोलण्याच्या नादात कोपऱ्यातला बोल्ट आधी पूर्ण आवळून टाकला.

गाडी सुरू केली आणि आयडलिंग वरखाली व्हायला लागलं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा. मुलानं सुचवलं, बॅटरी काढली होती, कॉम्प्युटर आपलं आयडलिंग विसरला असेल, या गाडीला ते पुन्हा शिकवावं लागतं. तसं असूही शकलं असतं. पण मला संशय माझाच होता. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं पॅकिंगच्या कडेनं फिरवलं. त्या कोपऱ्यापाशी बारीक सुस्कारा ऐकू आला. गाडी 'एअर घेत' होती. मापणी चुकवून हवा मागच्या दारानं आत शिरत होती.

"माझी चूक," मी म्हटलं. मराठी बापाच्या तोंडी हे दोन शब्द किती जड असतात, ते काही मी सांगायला नको. तो हसला आणि म्हणाला, "बाबा, स्कूटरच्या वेळी काळा धूर तरी होता, इथं नुसता दिवाच लागलाय." म्हणजे इतक्या वर्षांत तो काही विसरला नव्हता. सगळे बोल्ट सैल केले, पॅकिंग बदललं, आणि या वेळी बोल्ट त्यानं आवळले. मी नुसते नंबर सांगितले.

जोर वाढला का? त्यानं एप्रिलमध्ये रोलरवर गाडी चालवून अश्वशक्ती मोजून घेतली होती. मी म्हटलं, त्या आकड्याशी ताडू नकोस. हवा तीन अंशांनी तापली की साधारण एक टक्क्यानं विरळ होते. एप्रिलची थंडी आणि जुलैचं ऊन यांतच खोक्यावर छापलेला फायदा बुडून जाईल. यंत्र तपमानाची दुरुस्ती करून देतं, पण ती अदमासाची. म्हणून एका दुपारी पुन्हा झाकण उतरवून स्पेसर काढला, गाडी मोजली, तिथंच बसवला आणि पुन्हा मोजली. प्रत्येक वेळी तीनदा. फरक निघाला. दोन मोजण्यांमध्ये एरवीही जो फरक पडतो त्याहून थोडा जास्त, आणि खोक्यावर लिहिलेल्यापेक्षा बराच कमी. तोही 5000 फेऱ्यांच्या पुढेच. मुलाला वाटतं की वरच्या टप्प्यात इंजिन आता मऊ चालतं. मला तसं वाटलं नाही, पण माझे कान 70 वर्षांचे आहेत.

मूळचे आखूड बोल्ट मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून, वर चिठ्ठी लावून फडताळात ठेवून आलो. उद्या स्पेसर काढायचा झाला तर हवेत. परवा रात्री त्याचा फोन आला. त्याच्या एका मित्राला ती थ्रॉटलची आटेवाली कडी घ्यायचीय, पैसेही भरायला निघालाय. म्हणाला, "बाबा, त्याला फोन देतो, तुम्हीच सांगा."