कवी, श्रद्धा आणि मृत्यूचे भय



ज्याची श्रद्धा पक्की, त्याने दुःखात रडू नये, मरणाला भिऊ नये, असे आपण सहज बोलून जातो. मयतीच्या घरी वडीलधारी मंडळी ‘सबर करा’ म्हणतात, त्यात मायाच असते. पण बाप गेलेल्या पोराला ते पुष्कळदा ‘गप्प बस’ असे ऐकू येते. या बाबतीत कवी आपल्यापेक्षा अधिक खरे बोलले आहेत, असे मला वाटते.

आपल्याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याचे संत चोखामेळा घ्या. विठ्ठलावर जीव जडलेला. पण महार म्हणून देवळात पाऊल टाकण्याची मनाई. गावकुसाच्या कामावर राबत असता १३३८ साली ते कोसळून त्यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. त्यांच्या अभंगांत भक्ती आहे, तसे गाऱ्हाणेही आहे. मुलगा कर्ममेळा याने तर देवाला अधिकच रोखठोक जाब विचारला. विश्वासच उडाला असता, तर जाब विचारला असता कोणाला? १६३० च्या सुमारास दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला. त्यांनीही ते दुःख झाकून ठेवले नाही, अभंगात मांडले.

उर्दूकडे वळा. मिर्झा गालिब यांना सात अपत्ये झाली. एकही जगले नाही. मुलासारखा मानलेला आरिफ १८५२ मध्ये ऐन तारुण्यात गेला. त्याच्यावरील शोकगझलेत गालिब त्या गेलेल्या आरिफवरच रुसतात. उपदेशाचा एक शब्द नाही, म्हणूनच ती काळजाला भिडते.

आता सोलापूरकडे या. १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. आपल्या गावचे कवी कुंजविहारी यांची ‘भेटेन नऊ महिन्यांनी’ ही कविता अशाच फाशी जाणाऱ्या तरुणाची आहे. तो आईला पुनर्जन्माचा दिलासा देतो. मुसलमान आई आखिरतमधील भेटीची आशा धरील. श्रद्धा निराळ्या, पण दोन्ही आयांच्या डोळ्यांतले पाणी एकच.

कुराणशरीफमध्ये हजरत याकूब यूसुफसाठी एवढे झुरले की त्यांची दृष्टी गेली. ते नबी होते. त्यांनी आपले दुःख अल्लाहपाशीच मांडले, आणि त्यांचा सबर सुंदर ठरला. तेव्हा रडण्याने ईमान उणे होत नाही. ज्याच्यावर भरवसा, त्याच्याच दारी माणूस गाऱ्हाणे नेतो.

शिक्षक आणि पालकांना माझी एक विनंती आहे. कविता केवळ संदर्भासहित स्पष्टीकरणापुरती शिकवू नका. वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी नुकतेच मरण घडलेले असते, तो कोणाशी बोलत नाही. त्याला ती कविता सावकाश वाचून दाखवा. त्याच्या डोळ्यांत पाणी आले तर त्याला थांबवू नका. मरणाचे भय कोणाच्या मनातून जात नसेल. पण आपण एकटेच भीत नाही, हे त्या मुलाला कळेल. तेवढे काम कविता नक्की करते.